आण्णांच्या गिरणीत शिकलेला धंदा

विटा, सांगली, मिरज अशा ठिकाणच्या महाविद्यालयांत मला अधूनमधून बोलायला बोलावतात. बोलणं संपून प्रश्न सुरू झाले की मागच्या बाकावरची एखादी मुलगी उठते आणि विचारते, "मॅडम, घरात कुणीच धंदा केलेला नसेल तर जमतं का?" हा प्रश्न मला फार मोलाचा वाटतो, कारण विचारणारीला खरी अडचण कळलेली असते. भांडवल, जागा, परवाने या सगळ्या पुढच्या गोष्टी. त्याआधीची गोष्ट अशी की काही मुलांनी धंदा घरात पाहिलेला असतो आणि काहींना त्याचा वाराही लागलेला नसतो.

उद्योजकांच्या चरित्रांत धाडसाला फार मान असतो. मला मात्र वाटतं की लहानपण धाडस देत नाही, सवय देतं. गिऱ्हाईक दारात येतं, माल बिघडतो, पैसे अडकतात, यंत्र ऐन गर्दीत बंद पडतं, हे सगळं ज्या मुलानं आठव्या वर्षी रोज पाहिलेलं असतं त्याला तिसाव्या वर्षी त्याची धडकी भरत नाही. बाहेरून बघणाऱ्याला तेच धाडस वाटतं.

माझा कांदा-लसूण मसाल्याचा कारखाना कुपवाडच्या एमआयडीसीत आहे. माहेर खानापूर तालुक्यातलं. १९८० च्या दशकात तिथं आमच्या वडिलांची, आण्णांची, पिठाची गिरणी होती आणि मागच्या पडवीत मिरचीचा डंक होता. त्या दोन खोल्यांत जे बघितलं त्यावर आजही माझा धंदा चालतो. त्यातलं जे मुलींना सांगावंसं वाटतं ते इथं लिहिते.

१. नुकसान कुणाचं, हे आधी ठरलेलं असावं

गिरणीचे दगड झिजले की त्यांना टाकी लावावी लागते. टाकारी यायचा, दगड उतरवायचा आणि छिन्नी-हातोडी घेऊन बुजलेल्या खाचा पुन्हा खोल करत दिवसभर बसायचा. टाकी लावलेल्या दगडावरचं पहिलं पीठ खाण्याजोगं नसतं. दगडाची बारीक कच त्यात उतरते आणि भाकरीचा घास घेतला की दाताखाली करकरते. गावातल्या बायांना हे पक्कं माहीत, त्यामुळे टाकीनंतरच्या सकाळी डबा घेऊन लवकर कुणी यायचं नाही.

आण्णा त्या सकाळी घरचा शाळू दळायला घ्यायचे. चांगला, निवडलेला, खायचा शाळू. ते पीठ म्हशीच्या आंबोणात जायचं. मग पुन्हा थोडा शाळू, तोही आमचाच. त्यातलं चिमूटभर पीठ आण्णा जिभेवर ठेवायचे, दातात घोळवायचे आणि मान हलवायचे. तिसऱ्यांदा कधी कधी लागायचा. जिभेला कच लागेनाशी झाली की ओट्यावर येऊन सांगायचे, "आणा आता डबं." आजी कुरकुरायची. तोंडातला घास जनावराला घालतोय, म्हणायची. ७२ चा दुष्काळ पोटात घेऊन जगलेली बाई ती, तिचंही खोटं नव्हतं. पण आण्णांनी त्यात बदल केला नाही. आषाढीच्या आधी वरई-राजगिऱ्याचं दळण निघायचं तेव्हाही तसंच. दगड झाडून घ्यायचे, आत अडकलेलं गव्हाचं पीठ काढायला पहिली मूठभर वरई आमच्या घरची टाकायची आणि मग उपवासाचे डबे.

माझ्या कारखान्यात यंत्र उघडून धुतलं-पुसलं की पहिला घाणा बाजारात जात नाही. त्याची किंमत वर्षाच्या खर्चात आधीच धरलेली असते. हिशेब बघणारा माणूस नवीन आला की त्याला हे खटकतं. एवढा माल, वास चांगला, रंग चांगला, मग टाकायचा कशाला? मी त्याला एवढंच सांगते की हा खर्च आपल्या खात्यावरचा आहे, गिऱ्हाइकाच्या नाही. ऐन वेळी विचार करायला बसलं तर मन मोहात पडतं. आधी ठरलेलं असलं की मनाला कामच उरत नाही.

२. डबा ओळखता आला पाहिजे

दळणाच्या डब्यांवर नावं नसायची. तेलाचे पत्र्याचे डबे, डालड्याचे डबे, एखाद्या घरचा पितळी डबा, जुन्या धोतराची शिवलेली पिशवी. कडीला बांधलेली चिंधी, कोपऱ्याला आलेला पोचा, झाकणाच्या जागी बांधलेलं फडकं, यावरून डबा कुणाचा ते ओळखायचं. वीज रात्री-अपरात्री यायची, म्हणून बाया संध्याकाळीच डबे लावून घरी जायच्या आणि रांग सांभाळायचं काम माझ्याकडे असायचं. पहाटे कुणीतरी यायचं, "ए पोरी, माझा डबा कुटं गेला गं?" की मी झोपेतून उठून सांगायची, "आक्का, तुमचा खिडकीखाली, झाला दळून."

डबा ओळखता ओळखता घर ओळखता यायला लागलं. कुणाकडे दात पडलेलं म्हातारं माणूस आहे म्हणून पीठ एकदम बारीक लागतं, कुणाकडे पाहुणे आलेत, कुणी गव्हाऐवजी पुन्हा बाजरीवर आलंय, कुणाचा डबा भरायचा तो आता अर्धा येतोय. अर्धा डबा आला की त्या घरात काहीतरी बिघडलेलं असायचं. एकदा मी हे मोठ्यानं बोलले तेव्हा आण्णा दगड कसता कसता थांबले आणि म्हणाले, "डब्यात काय हाय ते डब्यापाशीच ऱ्हाऊ दे."

आज माझ्या मालाच्या ऑर्डरी संगणकावर दिसतात. एखाद्या जुन्या दुकानदाराची ऑर्डर सलग उतरायला लागली की मी स्वतः फोन करते, विक्रीच्या मुलाला करायला लावत नाही. बहुतेक वेळा घरात आजारपण असतं, नाहीतर दुकानाची वाटणी चाललेली असते. अशा वेळी त्याला माल कसा देता येईल ते बघते आणि ती गोष्ट माझ्या टेबलापलीकडे जाऊ देत नाही. गिऱ्हाइकाची माहिती हाताशी ठेवायला आता कुणालाही जमतं. ती अब्रूनं सांभाळायला मी त्या ओट्यावर शिकले.

३. गावात पैसा कधी येतो ते बघा

आमचा तालुका कमी पावसाचा. द्राक्षं, डाळिंबं आणि ऊस ही टेंभू उपसा योजनेचं पाणी आल्यानंतरची शोभा. माझ्या लहानपणी बाजरी, शाळू, मटकी आणि दाराशी शेरडं. तरीही गावात माडीची घरं होती, कारण खानापूर, आटपाडी, तासगाव, कवठेमहांकाळ या पट्ट्यातली माणसं गलाईच्या धंद्यात देशभर पसरलेली. चेन्नई, कोईमतूर, केरळ, कोलकाता, पंजाब, कुठंही सोनारांची पेठ असली की तिथं आमच्याकडचा कुणीतरी भट्टी पेटवून बसलेला सापडायचा. सोनाराकडचे जुने दागिने आणि कारागिराच्या खोलीतली झाडलोट घ्यायची, मुशीत वितळवायची, तेजाबात घालून मळ काढायचा आणि शुद्ध सोनं-चांदी परत द्यायची, हा तो धंदा.

गावातला पोरगा शाळा सुटली की मामाच्या नाहीतर चुलत्याच्या दुकानात जायचा. भट्टीपाशी बसायचा, भांडी घासायचा, तमिळ किंवा मल्याळम कानानं शिकायचा. काही वर्षांनी कस कळायला लागला, पेठेतल्या सोनारांना त्याचं तोंड ओळखीचं झालं की तो त्याच गावात किंवा पुढच्या शहरात स्वतःची भट्टी टाकायचा. उद्योजक घडवण्याची याहून पक्की रीत मी पाहिलेली नाही. त्या पोरांना काय मिळालं ते नीट बघितलं पाहिजे. पाठ टेकायला जागा होती, चुकलं तर हाकलून न देणारा मालक होता आणि घराण्याच्या ओळखीवर दुसऱ्याचं सोनं हातात घेण्याइतका विश्वास आधीच मिळालेला होता. परक्या मुलखात एकट्यानं जाऊन यातलं काहीच जमलं नसतं. तेजाबाच्या धुरात काढलेल्या वर्षांनी कित्येकांच्या छातीचं कायमचं नुकसान केलं, हेही लिहायलाच हवं. गावी परतलेले काही चुलते मला आठवतात ते त्यांच्या खोकल्यानं.

गिरणीच्या हिशेबाला या सगळ्याचा धागा होता. गावात पैसा यायचा तो मनीऑर्डरीनं आणि यात्रेला, नाहीतर मे महिन्यात गलाईवाले घरी आले की. आण्णांच्या उधारीच्या वहीत नावापुढे रकमेबरोबर हेही लिहिलेलं असायचं: कुणाचा मुलगा कुठं आहे आणि पैसे साधारण कधी पाठवतो. पोस्टमन गावात येऊन गेला की आण्णा लगेच वही उघडायचे नाहीत. पहिला पैसा घरातल्या माणसांचा, म्हणायचे. दुकानाची उधारी, पोरांची फी, दवाखाना. मग लोक आपण होऊन यायचे. आणि पारावर, बाजारात, चारचौघांत तर त्यांनी कधीच कुणाकडे पैसे मागितले नाहीत. मागायचेच झाले तर माणूस दळण घ्यायला एकटा आलेला असताना.

आज मी उधारी देते ती दुकानदाराचा हंगाम बघून. लग्नसराईत त्याचा पैसा मोकळा असतो, जूनमध्ये शाळांच्या खरेदीनं अडकतो. पावसाळ्याच्या तोंडाला दिलेल्या मालाचे पैसे गौरी-गणपतीआधी मागू नयेत. हे माझ्या विक्रीच्या माणसांना पाठ आहे. वसुली ज्यांना जमत नाही त्यांचा धंदा नफ्यात असूनही बुडतो, आणि वसुली जमते ती समोरच्याचा पैसा कुठून येतो हे माहीत असणाऱ्याला.

या प्रकरणातलं सर्वांत मोठं देणं मात्र वेगळंच. मे महिन्यात आलेली गलाईवाल्यांची कुटुंबं परत निघताना बरण्या भरून मसाला न्यायची. कोईमतूरला सांबार सगळीकडे मिळायचं, कांदा-लसूण मसाला कुठं मिळणार? बरणी वर्षभर पुरायची नाही, मग दिवाळीत कुणाबरोबर तरी निरोप यायचा, आणखी पाठवा. माझी बाजारपेठ मला तेव्हाच दिसली होती. पुढं कुणी विचारलं की मार्केटचा अभ्यास कसा केलास, की मला त्या बरण्याच आठवतात.

४. हाताला कळतं ते आकड्यातही बघा

दगड जास्त कसले की पीठ गरम उतरतं. आण्णा उतरत्या पिठाखाली तळहात धरायचे आणि पीठ अंगठ्यानं चोळायचे. ऊन लागलं की चाक थोडं सैल. जळकं पीठ घरी गेलं तर भाकरी थापताना कडा फुटतात, पिठाला विरी राहत नाही, आणि घरातली बाई गिरणीचं नाव घेते. मसाल्याचंही तेच आहे. उष्णतेनं वासाचं तेल उडून जातं. डंक सावकाश कुटतो, माल फार तापत नाही, म्हणून डंकाच्या मसाल्याला आजही मान आहे. वेगानं फिरणाऱ्या पल्व्हरायझरमध्ये तेवढाच मसाला पटकन निघतो, पण थंड ठेवायची सोय नसेल तर तो रंगानं आणि वासानं उतरतो.

हाताचं ज्ञान हाताबरोबर जातं, हे मला कामगार वाढल्यावर कळलं. माझा तळहात सगळ्या पाळ्यांना पुरणार कसा? म्हणून तापमापी आली, ओलावा मोजायचं यंत्र आलं. सुक्या मिरचीत ओलावा ११ टक्क्यांच्या वर नसावा असा अन्नसुरक्षेचा नियम आहे. आईचा नियम होता की मिरची हातात घेऊन हलवली तर बी खुळखुळलं पाहिजे. दोन्ही नियम एकाच जागी येऊन थांबतात. ब्याडगी मिरची आम्ही रंगासाठी घेतो, तिखटपणा तिच्यात कमी. हा रंग ॲस्टा नावाच्या एककात मोजून सौदा ठरतो. तिखटासाठी लवंगी, आणि चवीसाठी गडहिंग्लजच्या बाजारातली संकेश्वरी. पूर्वी व्यापारी देठ मोडून, नखानं घासून रंग सांगायचे. आजही मी आधी नखानं घासते आणि मग प्रयोगशाळेचा कागद बघते. दोन्ही जुळले नाहीत तर माल थांबवते.

ज्यांनी लहानपणी असं काही हाताळलेलं आहे, त्यांना माझं सांगणं आहे की त्या ज्ञानाला कमी लेखू नका, आणि ते आकड्यात उतरवायचा कंटाळाही करू नका.

५. आईच्या कामाला भाव लावा

गिरणी आण्णांची, असं सगळं गाव म्हणायचं. मे महिन्यात मात्र खरा धंदा आईच्या अंगावर असायचा. मिरची वाळवणं, देठं काढणं, खोबरं-तीळ-धणे भाजणं, कांदा-लसूण परतणं. कुणाच्या घरी किलोभर मिरचीला कांदा जास्त लागतो, कोण दगडफूल आणि नागकेशर सढळ हातानं घालतं, कुणाला हिंगाचा वास चालत नाही, हे सगळं तिच्या डोक्यात. बाया सामान घेऊन यायच्या आणि म्हणायच्या, "वहिनी, तुमी बगा आता." ती बघायची. डोळे लाल, हात भगभगणारे, रात्री हातांना तेल लावून बसायची. पैसे घेतले जायचे ते कांडपाचे, किलोवर. भाजण्याचे आणि प्रमाणाचे पैसे कुणी दिले नाहीत आणि घरात कुणी मागितले नाहीत. बाईमाणसाचं काम म्हणून ते मोजण्यातच नव्हतं.

मी कारखाना काढला तेव्हा विकत होते ती नेमकी ही न मोजलेली गोष्ट. यंत्र कुणीही आणतं, कांडप कुठंही होतं. प्रमाण आणि भाजणं हाच माझा माल.

लिज्जत पापडाची सुरुवात मी मुलींना म्हणूनच आवर्जून सांगते. १५ मार्च १९५९ रोजी गिरगावातल्या एका इमारतीच्या गच्चीवर सात गुजराती गृहिणींनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली. पहिल्या दिवशी चार पाकिटं झाली. पापड लाटायला त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. पीठ किती तिंबायचं, लाटी केवढी घ्यायची, हे त्यांच्या मनगटात लहानपणापासून होतं. नवीन होतं ते एवढंच की त्या कामाला त्यांनी भाव लावला आणि नफा आपसात वाटून घेतला. संस्थेच्या संस्थापकांपैकी जसवंतीबेन पोपट यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली. पापड लाटणाऱ्या बाईला देशाचा सन्मान मिळाला याचा मला फार अभिमान वाटतो, आणि त्याला साठ वर्षं लागली याचं वाईटही वाटतं.

तुमच्या घरात तुमची आई, आजी, आत्या जे फुकट करते ते आधी कागदावर लिहून काढा. बहुतेक मुलींना आपला पहिला धंदा त्या कागदावर सापडेल.

६. गरिबीला गुरू म्हणू नका

पेड हे तासगाव तालुक्यातलं गाव. तिथले अशोक खाडे यांनी आपल्या लहानपणची एक आठवण सांगितली आहे. आईनं त्यांना गिरणीतून पीठ आणायला पाठवलं, पावसात पाय घसरला आणि पीठ चिखलात गेलं. घरात दुसरं काही नव्हतं. वडील मुंबईत चपला-जोडे दुरुस्त करायचे. पुढे याच अशोक खाडे यांनी भावांबरोबर दास ऑफशोअर ही कंपनी उभी केली, जी समुद्रातल्या तेलविहिरींसाठी लागणारे फलाट बांधते.

गिरणीवाल्याच्या घरात वाढल्यामुळे सांडलेल्या पिठाची ही गोष्ट मला फार लागते. आमच्याही दारातून किती मुलं डोक्यावर डबा घेऊन पावसात गेली असतील. पण या गोष्टीचा अर्थ भाषणांतून असा लावला जातो की गरिबीनं त्यांना घडवलं, आणि तो अर्थ मला अजिबात मान्य नाही. त्या वर्षांत आमच्या या कोरडवाहू पट्ट्यात शेकडो घरांत पीठ संपलं असेल. ती पोरं पुढं कुठं गेली? कुणी मजुरीला, कुणी ऊसतोडीला, कुणी लहानपणीच दगावलं. उपाशी झोपलेल्या मुलाला धंद्याची अक्कल येत नाही, त्याला भूक लागते. खाडे यांना हात दिला तो शिक्षणानं, माझगाव डॉकमधल्या नोकरीनं, तिथं बसलेल्या जहाजांच्या ड्रॉइंगच्या हातानं, जर्मनीत पाहिलेल्या कामानं आणि भावांच्या एकजुटीनं. त्यांची जिद्द मोठी आहेच. पण त्या जिद्दीला पाय टेकायला जागा मिळाली म्हणून ती उभी राहिली.

आणखी एक गोष्ट सांगायला हवी. आमच्या गिरणीत डब्यांची रांग एकच होती, तरी दलित वस्तीतल्या बाया डबा ठेवून ओट्यापासून लांब उभ्या राहायच्या. आण्णा हाक मारायचे, आई हाताला धरून ओट्यावर बसवायची, आणि तरीही त्या सवयीनं पुन्हा खालीच उतरायच्या. कितीतरी वर्षं हे चाललं. रांग सांभाळता सांभाळता मी जो धंदा शिकले, तो त्यांच्या मुलीला शिकता आला असता का? तिच्या बापानं गिरणी टाकली असती तर गावानं तिथं डबे पाठवले असते का? हा प्रश्न मला मोठेपणी पडला आणि आजही सुटलेला नाही. लहानपणच्या अनुभवातून उद्योजक घडतो म्हणताना तो अनुभव कुणाच्या वाट्याला येऊ दिला आणि कुणाच्या नाही, हेही बघावं लागतं. २००५ साली पुण्यात मिलिंद कांबळे यांनी डिक्की, म्हणजे दलित उद्योजकांची चेंबर, स्थापन केली. ओळखी, ठेकेदारी, बँकेतली पत, हे जे इतरांना घरातून मिळतं ते संघटनेतून मिळवून देण्याचं हे काम मला या राज्यातल्या फार मोठ्या कामांपैकी एक वाटतं.

७. अर्धवट राहिलेलं शिक्षणही कामाला येतं

विट्याहून किर्लोस्करवाडी लांब नाही. ती वसवणारे लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईला जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये चित्रकला शिकायला गेले होते. त्यांच्या डोळ्यांना काही रंग नीट ओळखता येत नाहीत हे तिथं लक्षात आलं आणि रंगकाम सुटलं. यंत्रांची रेखाचित्रं काढायचा हात मात्र राहिला. त्या हातावर व्हीजेटीआयमध्ये शिकवण्याची नोकरी मिळाली, नोकरीमुळे वर्कशॉपमध्ये पाय ठेवता आला, मग बेळगावात सायकलींचं दुकान, कडबा कापायचं यंत्र, लोखंडी नांगर. लोखंडानं जमीन नासेल म्हणून शेतकरी तो नांगर घेईनात, आणि पहिला नांगर खपायला दोन वर्षं गेली. १९१० साली औंध संस्थानातल्या कुंडल रोड स्टेशनजवळच्या माळावर कारखाना आला. मुलाचं शिक्षण मध्येच वळलं म्हणून रडणाऱ्या आई-बापांना मी हे सांगते.

८. लहानपणची भीतीही बरोबर येते

आमच्या घरात कर्ज हा शब्द हळू आवाजात बोलायचा. सावकाराच्या दारात गेलेल्या रानांच्या गोष्टी आजीच्या तोंडून ऐकत वाढलेली मी, बँकेच्या पायरीवर पोटात गोळा यायचा. बँकेतही पहिला प्रश्न आला तो, मिस्टर काय करतात? कारखान्याच्या प्रश्नांची उत्तरं मी देत होते आणि साहेब माझ्या नवऱ्याकडे बघून बोलत होते.

कर्जाची भीती चांगली, पण कर्ज कशासाठी काढायचं याचा हिशेब तिच्या जागी हळूहळू बसवावा लागतो. लग्नासाठी काढलेलं कर्ज आणि यंत्रासाठी काढलेलं कर्ज यांना आजी एकाच मापानं मोजायची, कारण तिनं दुसरं कर्ज कधी पाहिलंच नव्हतं. लहान अन्नप्रक्रिया उद्योगांसाठी २०२० साली केंद्रानं योजना आणली. प्रकल्पखर्चाच्या ३५ टक्के, जास्तीत जास्त १० लाख रुपयांपर्यंत अनुदान त्यात ठरवलं, तेही बँकेच्या कर्जाला जोडून. कर्जाच्या नुसत्या नावाला भिऊन कितीतरी बाया अर्ज करत नाहीत. त्यांच्यासोबत मी स्वतः बँकेत जाते. दोघी असलो की साहेबांना बाईकडे बघून बोलावं लागतं.

९. मुलांना हिशेब बघू द्या

आमच्या गिरणीत पट्ट्याच्या बाजूला चुन्याची रेघ मारलेली होती. तिच्या पलीकडे मी कधीच गेले नाही. पट्ट्यात पदर आणि वेणी अडकून झालेले अपघात तालुक्याला माहीत होते, त्यामुळे त्या बाबतीत आण्णा कडक. कारखान्यात तर मुलांनी येऊच नये, आणि कायदा ते बंद करतो हे योग्यच आहे. पण रेघेच्या अलीकडे बरंच काही असतं. वजन, रांग, वही, गल्ला, गिऱ्हाइकाशी बोलणं. हे बघायला मुलांना आता जागा उरलेली नाही. घरातलं दुकान संध्याकाळी क्लासच्या वेळेत असतं, आणि क्लास सोडून गल्ल्यावर बसलेलं पोर आई-बापांना बघवत नाही.

जिल्हा परिषदेच्या शाळांत बाल आनंद मेळावा भरतो, तिथं मुलं भेळ, वडे, भाजी, लिंबू सरबत विकतात. मला बोलावणं आलं की मी जातेच. गुरुजींना माझी विनंती ठरलेली असते: विक्री आटपल्यावर एक तास हिशेबाला ठेवा. मुलं सांगतात, तीनशेची विक्री झाली, तीनशे नफा. पीठ, तेल, गॅस घरून आलेलं, ते त्यांच्या लेखी फुकट. मग फळ्यावर रकाने आखायचे. घरून आणलेल्या मालाची किंमत, उरलेल्या मालाची किंमत, आणि आई किती वेळ राबली. मागच्या मेळाव्यात थालीपीठं विकणाऱ्या सहावीतल्या मुलीनं विचारलं, "आईचा तास कितीला लिवू?" वर्गात हसू उठलं. मी बायांच्या शेतमजुरीचा त्या वेळचा रोज विचारला. तो तिला माहीत होता, कारण तिची आई रोजानंच जाते. तासांनी भागून आम्ही आकडा काढला आणि रकान्यात लिहिला. दहा रुपयांना विकलेल्या थालीपिठाला खर्च बारा रुपयांच्या वर गेला होता. पुढच्या वर्षी पंधराला विकायचं की थालीपीठ लहान करायचं, यावर ती आणि तिच्या शेजारचा भेळवाला शाळा सुटेपर्यंत वाद घालत होते.